विस्तवावर ओढलेली राख

धोंडाबाई शेळकंदे ही भांडखोर बाई आहे, असं जुन्नरच्या कचेरीत आजही सांगतात. आहेच. मी कशाला नाकारू? पण ती भांडखोर जन्मली नव्हती. तिला तशी केली, आणि ज्यांनी केली तेच आता तिच्या तोंडाच्या तक्रारी सांगत फिरतात. म्हणून हे लिहायला घेतलं. पुण्याच्या सभांतून डोंगरातल्या कोळ्यांच्या अडाणीपणावर भाषणं झोडणाऱ्या मंडळींनी हे वाचावं, आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसावं. गप्प बसण्याचे अर्थ कसे कसे लावता येतात, ते पुढे कळेलच.

धोंडाबाई महादेव कोळी जमातीची. माहेर आंबेगावकडच्या डोंगरात, सासर घाटघरच्या अलीकडे उंबरमाळ नावाच्या वाडीत. दोन्हीकडे घरात शिरलं की पहिली दिसते ती आगटी, जमिनीत खळगा करून सदा जागता ठेवलेला विस्तव. पाहुणा आला की आगटीपाशी बसतो आणि काय मागायचं ते तिथंच मागतो. मुलगी मागो, बैल मागो, चराईला रान मागो. मागणं पटलं तर घरातला मोठा माणूस एक लाकूड आत सारतो. जाळ होतो, बायका भाकरीचं बघायला उठतात. पटलं नाही, तर तो काठीनं निखाऱ्यांवर राख ओढतो. झालं. कोणी काही बोलत नाही. पाहुणा आपली काठी घेतो, "येतो" म्हणतो आणि चालू लागतो.

विस्तव विझवत नाहीत, एवढं ध्यानात घ्या. नुसता झाकतात. सकाळी फुंकर घातली की तोच निखारा पुन्हा लाल. म्हणजे नातं जिवंत आहे, फक्त या मागण्याला जाळ मिळणार नाही. पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' हा शब्द टाकणं म्हणजे त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढणं. असं कोणी केल्याचं धोंडाबाईनं लहानपणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

तिच्यासाठीही एकदा राख ओढली होती. पहिली बायको नांदत असलेला, हातात चांदीचं कडं घातलेला एक बडा माणूस तिला मागायला आला. बापानं त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि राख ओढली. माणूस उठला. पुढं जत्रेत बापाची आणि त्याची गाठ पडली तेव्हा आधी रामराम घातला तो त्या माणसानंच. "बापानं मला बी वाचवलं, आन् वैर बी घेतलं न्हाई," असं धोंडाबाई सांगते. ही म्हणे रानटी रीत. मग शहाण्यांची एक तरी रीत मला दाखवा, जी इतकी स्वच्छ आहे!

लग्न होऊन ती उंबरमाळला आली, तेव्हा नवऱ्याच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे उघडा कातळ. नवरा भला होता, पण आयुष्य थोडं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, फांद्या तोडताना झाडावरून पडला तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. दीर रखमाजी वाडीतला मोठा माणूस. त्यानं सांगितलं, "वहिनी, माझ्यात ऱ्हा." ही राहिली नाही. उन्हाळ्यात ओढा आटला की त्यातला गाळ पाटीत भरायचा, डोक्यावर घेऊन टेकाड चढायचं आणि कातळावर ओतायचा. खालून दगडाचा बांध घालायचा, म्हणजे पाऊस माती नेणार नाही. पहिल्या वर्षी पावसानं नेलीच. तिनं बांध पुन्हा घातला. असे कित्येक उन्हाळे गेले, आणि जिथं शेवाळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं भाताचं खाचर झालं. आज नांगराचा फाळ खालच्या कातळाला लागत नाही. ही जमीन तिला बापानं दिली नाही, सरकारनं दिली नाही. तिनं डोक्यावरून आणली.

दिल्लीत दरबार भरला त्याच्या पुढच्याच माघात उंबरमाळला एक मुखत्यार आला. मुंबईच्या एका कंपनीचा. वाडीखालच्या खिंडीत भिंत घालायची, ओढा अडवायचा, ते पाणी लोखंडी नळातून घाटाखाली कोकणात सोडायचं आणि त्याच्या जोरावर गिरण्यांसाठी वीज काढायची, असा बेत. पाणी चढणार कुठवर? रखमाजीच्या घराच्या आढ्यापर्यंत. धोंडाबाईचं खाचर तर पहिल्याच पावसात तळाला.

मुखत्यारासोबत होता सयाजी पाटील. खालच्या बागायती गावातला, पिढ्यान् पिढ्या जमीन धरून असलेल्या घरातला. भिंतीसाठी दगड आणि गाड्या पुरवायचं काम त्याला मिळणार होतं. हा माणूस डोंगराला नवा नव्हता. लहानपणापासून रखमाजीच्या आगटीपाशी बसून त्यानं नाचणीच्या भाकरी खाल्लेल्या. दोन वर्षांपूर्वी वाडीचं चराईचं रान आपल्या गुरांसाठी मागायला आला होता, तेव्हा रखमाजीनं राख ओढली होती आणि पाटील मुकाट उठून गेला होता. हे विसरू नका.

थंडी होती म्हणून रखमाजीच्या अंगणात मोठा विस्तव केला होता. सगळी वाडी भोवती बसली. मुखत्यार घडीच्या खुर्चीवर. त्यानं बरंच सांगितलं. देशाची प्रगती, नळ, यंत्रं, दुसरीकडे जागा, कामाला मजुरी. मग विचारलं, "तर मंडळी, कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

कोणी बोललं नाही. बोलणार कसं? पाहुणा आगटीपाशी बसलेला. रखमाजीनं काठी घेतली आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, निखाऱ्यांवर राख ओढली. बायकांनी सुस्कारे टाकले. संपलं एकदाचं.

"अरे, एवढ्या थंडीत विस्तव झाकता काय?" मुखत्यार म्हणाला, आणि शिपायाकडे बघून, "घाल रे दोन लाकडं."

शिपायानं घातली. जाळ झाला. मुखत्यारानं हात शेकले. सयाजी पाटील मिशीतल्या मिशीत हसत जमिनीकडे बघत राहिला.

ते गेल्यावर वाडी हसून हसून लोळली.

"मागाया बी ह्योच, आन् व्हय म्हनाया बी ह्योच!"

"पोरगी मागाया आला आन् सोताच अक्षता टाकून गेला!"

"आरं, त्याला काय ठावं? शहरातलं येडं त्ये."

धोंडाबाई हसली नाही. तिनं दिराला विचारलं, "भावजी, पाटील कवा उठला?"

"उठला की मुखत्यारासंगं."

"लाकडं घातल्यावर उठला. राख वडल्यावर न्हाई उठला. त्यो तर येडा न्हाई ना?"

रखमाजीनं हात झटकला. "आपून न्हाई म्हनालो. पावनं गेलं. तू उगाच कोळसा उगाळू नको."

वाडीची चूक झाली ती इथं. आपण नकार दिला, आणि स्वच्छ दिला, अशा खात्रीनं ती माणसं रात्री निवांत झोपली. आपली भाषा समोरच्यालाही भाषा वाटते, हे ती धरूनच चालली होती.

पुढं धोंडाबाई हिरडा घेऊन जुन्नरच्या बाजारात गेली. तिथं जवरीलालशेठची हिरड्याची पेढी. मारवाडातून आलेलं घर, पण शेठ मराठी आपल्यापेक्षा खणखणीत बोलतो. हिरडा बघता बघता म्हणाला, "धोंडाबाई, पुढच्या साली माल कुठून आणणार? तुमची वाडी तर पाण्यात चालली."

"आमी न्हाई म्हनलं त्याला."

"अहो, काय न्हाई म्हणलं? कचेरीत बोलतात, उंबरमाळची अख्खी वाडी राजी आहे. एक माणूस हूं का चूं बोलला नाही म्हणे."

जवरीलालशेठला वाडीचा पुळका होता असं कोणी समजू नये. झाडं बुडाली की त्याचा हिरडा बुडणार, एवढंच. पण सगळ्या जुन्नरात खरं सांगणारा तोच एक निघाला, हेही लिहायला हवं.

ती माल तिथंच टाकून वाडीवर आली आणि रखमाजीला घेऊन कचेरीत गेली. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "रीतसर विचारलं होतं. कोणी बोललं नाही. म्हणजे हरकत नाही."

"साहेब, म्या राख वडली व्हती," रखमाजी म्हणाला. "समद्यांच्या म्होरं."

कारकुनानं आता मान वर केली. मग शेजारच्याला बोलावलं. "ऐकलंत का? यांनी राख ओढली!" कचेरीत हशा पिकला. ज्या म्हाताऱ्यापुढं अख्खी वाडी आवाज चढवत नाही, तो तिथं पागोटं हातात घेऊन उभा, आणि त्याच्यावर पोरंसोरं हसतायत. आज हे लिहितानाही माझा हात शिवशिवतो.

"सरकारात राख चालत नाही, बाबा," कारकून म्हणाला. "तोंड चालतं."

पायऱ्यांवर सयाजी पाटील भेटला. धोंडाबाईनं विचारलं, "पाटील, तुमाला तर ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"राख."

"धोंडाबाई," पाटील पान चघळत म्हणाला, "ही शिकल्याली रीत हाय. गप बसला त्याला मान्य. आता मी काय करू?"

"गप बसला त्याला मान्य," ती म्हणाली. "बरं, ध्यानात ठिवते."

दिवाळी सरली आणि वाडीत कंपनीच्या मोजणीच्या खुंट्या आल्या. एक खुंटी धोंडाबाईच्या खाचरात, उभ्या भातात ठोकली. रखमाजी आगटीपाशी बसून राहिला. त्याला अजून वाटत होतं की कोणीतरी मोठा माणूस येईल, त्याला राखेचा अर्थ कळेल आणि तो खुंट्या उपटून नेईल. मोठा माणूस आलाही. पौषात प्रांतसाहेबाचे तंबू मढ गावाला पडले. गोरा होता, नोकरीत नवा होता, अर्ज ऐकून घेत होता. उंबरमाळची माणसं डोंगर ओलांडून मढला निघाली. धोंडाबाईनं आपल्या आगटीतला विस्तव एका खापरात काढला, वर राख घातली, आणि ते खापर डोक्यावर घेऊन ती सगळ्यांच्या पुढं चालली.

"ह्ये कशापायी?" रखमाजीनं विचारलं.

"पाटलाला शेकाया."

साहेब आंब्याखाली टेबलामागं बसला होता. शेजारी दुभाषाचं काम करणारा शिरस्तेदार, पलीकडे मुखत्यार, आणि बाकावर पाय सोडून सयाजी पाटील. धोंडाबाई साहेबापुढं गेलीच नाही. ती सरळ पाटलापुढं गेली, खापर त्याच्या पायाशी ठेवलं, वरची राख काठीनं बाजूला केली. निखारे लाल झाले. काठी तिनं त्याच्या बाकाला टेकवली.

"पाटील, तुमच्याकडं मागणं हाय."

"हिला आवरा रे," पाटील म्हणाला.

साहेबानं हात वर केला. बोलू दे.

"आमची वाडी बुडनार. आमाला जागा लागंल. तुमची वढ्याकाठची मळई आमाला द्या. समदी. हिरीसकट. हरकत आसंल तर आत्ताच बोला."

पाटलानं तोंड फिरवलं. असल्या बाईला काय उत्तर द्यायचं? माणसाचा माज असा असतो. तो गप्प बसला.

धोंडाबाईनं थोडी वाट बघितली. मग शिरस्तेदाराकडे वळली. "ल्हिवा, रावसाहेब. पाटील गप हायेत. गप बसला त्याला मान्य, ह्ये पाटलांनीच शिकवलं मला. मळई आमची झाली."

मागून वाडीतला कोणीतरी ओरडला, "हिरीसकट ल्हिवा!" शिरस्तेदारानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला आणि खरंच लेखणी उचलली.

सयाजी पाटलानं ती लेखणी बघितली. त्याच्या बापानं, आज्यानं राखलेली गाळाची मळई. माणूस घाबरला की त्याचा हात लहानपणी शिकलेलं तेच करतो. पाटलाच्या हातात काठी कधी आली, ते त्यालाही कळलं नाही. त्यानं खसकन निखाऱ्यांवर राख ओढली.

"वडली!" अख्खी वाडी एका आवाजात ओरडली. "पाटलानं राख वडली!"

पाटलानं काठी टाकली, पण आता टाकून काय उपयोग? साहेबानं विचारलं, हे काय? शिरस्तेदाराला सांगावं लागलं. सांगताना त्याच्या कपाळावर घाम. साहेबानं मोडक्या मराठीत पाटलाला विचारलं, "तुला हे ठाऊक होता?"

आणि पाटील पुन्हा गप्प.

इथं पुस्तकातली गोष्ट असती तर साहेब खुर्चीतून उठला असता आणि न्याय झाला असता. तसं झालं नाही. साहेबाला गंमत वाटली, एवढंच. त्यानं शिरस्तेदाराकडून सांगवलं की रीत फार सुंदर आहे, आपण ती टिपून घेऊ, पण सरकारला शब्द लागतो. वाडीच्या मुख्यानं शब्दात सांगावं.

रखमाजी पुढं आला. त्यानं तोंड उघडलं. सगळा जन्म ज्या तोंडानं आल्यागेल्याला "बसा" म्हटलं, ते तोंड. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मुखत्यार खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "बघा साहेब, त्यांना काही म्हणायचंच नाही."

"न्हाई!"

धोंडाबाई बोलली होती. "न्हाई. माझं खाचर न्हाई द्यायचं. पानी तुमी आना न्हाईतर न्या, माती म्या आनलीय. ती उचलून द्या, मंग बोला. न्हाई, न्हाई, न्हाई."

तिनं मला सांगितलं की तो शब्द तोंडातून पडला तेव्हा तिला भर सभेत शिवी दिल्यासारखं वाटलं. कान तापले. मागं वळून कोणाकडे बघायचं धाडस झालं नाही. मग मागून एका बाईचा आवाज आला, "न्हाई." मग एका गड्याचा. मग सगळ्यांचा, कोणी पुटपुटत, कोणी किंचाळत. रखमाजी सगळ्यात शेवटी म्हणाला, जमिनीकडे बघत.

साहेबानं आधीची चौकशी रद्द केली आणि नवी चौकशी लावली. तिच्यात वाडीचा नकार शब्दांत लिहिला गेला, आणि काही महिन्यांनी खुंट्या निघाल्या. मी कोणाचे आभार मानणार नाही. आपल्या घरात राहू दिलं म्हणून आभार कसले?

परतीच्या वाटेवर रखमाजी भावजयीशी बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "वाडी वाचवलीस. पन आता आगटीपाशी पावना कुन्या तोंडानं बसवायचा?" तेव्हापासून उंबरमाळला अनोळखी माणसाला अंगणातच थांबवतात. पाणी देतात, विस्तव नाही. कचेरीवाले म्हणतात, हे लोक फार उर्मट झालेत. तुम्हीच केलेत ना बाबांनो! ज्याला राख कळत नाही त्याला शब्दच ऐकावा लागतो.

पण कंपनीला पाणी हवंच होतं. ती एक डोंगर ओलांडून आंबेगावकडच्या खोऱ्यात शिरली. तेच नळ, तीच घडीची खुर्ची, फक्त मुखत्यार दुसरा. ते खोरं धोंडाबाईचं माहेर. बातमी कळली त्याच दिवशी ती निघाली.

भाऊ भागू आता बापाच्या जागी बसत होता. संध्याकाळी आगटीपाशी तिनं त्याला सांगितलं, "उद्या मुखत्यार इल. राख वडू नको. तोंडानं न्हाई म्हन."

भागूच्या कानावर मढची गोष्ट आली होती. ती डोंगरात सगळीकडे गेली होती, आणि सगळ्यांनाच ती आवडली होती असं नाही. "आमच्या आगटीपाशी आसं कुनी बोलत न्हाई, अक्का," तो म्हणाला. "बा कवा बोलला न्हाई. तुझ्यापायी माणूस आला व्हता तवा बी न्हाई."

"त्या माणसाला राख कळत व्हती."

"ह्येला बी कळंल."

"न्हाई कळनार. कळली तरी न कळल्यावानी करंल."

भागूनं काठी घेतली आणि सख्ख्या बहिणीच्या मागण्यावर, बापानं जिथं तिला वाचवलं त्याच आगटीत, राख ओढली.

भावजय आत जाऊन उभी राहिली. आता धोंडाबाईनं उठायचं, "येते" म्हणायचं, आणि अंधार व्हायच्या आत वाट धरायची. लहानपणापासून तिला तेच माहीत होतं.

ती उठली नाही. तिनं भावाच्या हातातली काठी काढून घेतली आणि राख मागं सारली. असं आजवर त्या डोंगरात कोणी केलं नव्हतं. निखारे उघडे पडले.

"अक्का!"

"मी पावनी न्हाई, भागू. पावनी आसते तर उठले आसते." तिनं काठी बाजूला ठेवली. "म्हन."

"काय म्हनू?"

"न्हाई म्हन."

"तुला?"

"मलाच म्हन. मी मुखत्यार हाय आसं समज. तुझं रान मागती. म्हन."

भागूनं दाराकडे बघितलं, आगटीकडे बघितलं. घसा खाकरला. शब्द निघाला तो खोकल्यासारखा, निम्मा आतच राहिलेला.

"ऐकू न्हाई आलं," धोंडाबाई म्हणाली. "परत म्हन."